खाचराखालचा कठीण थर: मुंबईच्या उंबरठ्यावरच्या शेतजमिनीची पार्श्वभूमी

कर्जत, मुरबाड, शहापूर, सुधागड या पट्ट्यात ज्यांची वडिलोपार्जित खाचरं आहेत किंवा ज्यांनी अलीकडे जागा घेतली आहे, असे बरेच मुंबईकर मे महिना आला की एकच गोष्ट विचारतात: जमीन टणक झाली आहे, खोल नांगरून घ्यावी का? मग चर्चा ट्रॅक्टरच्या ताशी भाड्याकडे वळते आणि तिथेच अडकते. जमीन टणक का झाली, हे विचारायचं राहूनच जातं. याचं कारण दीड शतकातल्या निर्णयांमध्ये आहे आणि त्यातले बरेच निर्णय मुंबईच्या गरजेपोटी झालेले आहेत.

मुळात भाताचं खाचर घट्ट व्हावं यासाठीच कोकणातली मेहनत असायची. पहिल्या पावसावर उखळणी म्हणजे पहिली नांगरट, पाणी साचलं की चिखलणी म्हणजे साचलेल्या पाण्यात माती ढवळून चिखल करणं, मग आवण म्हणजे रोपवाटिकेतली रोपं उपटून लावणी. चिखलणीने मातीचे कण सुटे होतात, बारीक चिकणमाती खाली बसून छिद्रं बुजवते आणि पाणी खाचरात उभं राहतं. तण दबतं, रोप सहज रुजतं. याची किंमत खाली मोजावी लागते. वीतभर खोलीवर, साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर, वर्षानुवर्षांच्या चिखलणीचा एक कठीण थर तयार होतो. उथळ मुळांच्या भाताचं त्याने फारसं बिघडत नाही. भात निघाल्यावर वाल किंवा हरभरा पेरला की त्याचं मूळ त्या थरावर आडवं पसरतं आणि जमिनीत ओल असूनही पीक जानेवारीतच माना टाकतं.

तरीही ही पद्धत टिकली, कारण दरवर्षी शेतात बाहेरून काहीतरी येत होतं. वरकस म्हणजे खाचराबाहेरच्या हलक्या, उताराच्या जमिनीवरचं गवत, झाडांचे टहाळे, पालापाचोळा आणि शेण रोपवाटिकेवर पसरून त्याचा राब भाजला जाई. गोठ्यातलं शेणखत खाचरात पडे. इंग्रजी अमलात ही साखळी दोन ठिकाणी तुटली. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राखीव जंगलं वाढली आणि राबासाठी टहाळे तोडण्यावर बंधनं आली. तक्रारी एवढ्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच काळात रेल्वेमुळे इथलं गवत मुंबईच्या घोड्यांच्या पागांना आणि म्हशींच्या तबेल्यांना जाऊ लागलं. शहापूर-वाड्याकडच्या गवताच्या वखारी त्या व्यापाराची साक्ष आहेत. जमिनीतून उगवलेलं गवत शहरात गेलं आणि त्याचं शेण शहरातच राहिलं. माझ्या मते नांगराच्या कोणत्याही प्रकारापेक्षा या एकतर्फी वाहतुकीने कोकणपट्टीची माती जास्त कमकुवत केली, आणि तिच्याविषयी जवळपास कुणीच बोलत नाही.

अवजारांचा इतिहास जास्त परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यात. १९०३ मध्ये बेळगावच्या एका कारखान्याने लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. देशावर तो पुढे सर्रास रुळला. कोकणच्या छोट्या खाचरांत मात्र लाकडी नांगर आणि बैलजोडी खूप नंतरपर्यंत राहिली. १९६० च्या दशकात जपानी बनावटीचे पॉवर टिलर देशात आले. मजूर आणि बैल दोन्ही मिळेनासे झाले तशी कोकणात चिखलणी यंत्रावर गेली. टिलरची पाती दरवर्षी त्याच खोलीवर फिरतात आणि खालचा थर त्याच रेषेवर घासून निघतो. बैल विकले गेले तसा गोठा रिकामा झाला आणि शेणखतही संपलं.

शहराच्या वाढीचा हिशोबही मातीतूनच चुकता झाला. ठाणे आणि रायगडच्या वीटभट्ट्यांनी मुंबई-कल्याणच्या इमारतींसाठी खाचरांची वरची सुपीक माती फूट-दीड फूट खरवडून नेली. पैसा रोख मिळे, म्हणून शेतकऱ्याने ती दिली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण अशा शेतात आज जो टणक भाग दिसतो तो दाबला गेलेला थर नसून मूळची खालची मातीच असते. ती कितीही नांगरली तरी तिच्यात सेंद्रिय अंश येत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग झाल्यानंतर फार्महाऊसच्या जागांची लाट आली आणि नवा प्रकार सुरू झाला. सात-आठ टनांचा जेसीबी ऐन पावसाळ्यात शेतात उतरवून बांध मोडायचे, उतार सपाट करायचा आणि शहरातल्या पायाखोदाईचा मुरूम भराव म्हणून टाकायचा. ओल्या मातीवरून एवढं वजन फिरलं की दाब नांगराच्या टोकापेक्षा खोल जातो. चिखलणीचा थर तरी ठरावीक खोलीवर असतो. जेसीबीने दाबलेली जमीन कुठे किती घट्ट झाली आहे, हे जागोजागी पहार मारूनच कळतं.

या सगळ्यावर उपाय म्हणून २०१० नंतरच्या काही वर्षांत नेरळ परिसरात एक पद्धत पुढे आली. तिने या भागातल्या शेतीविषयीचं सर्वांत तीव्र मतभेदाचं प्रकरण उभं केलं. चिखलणी बंद, लावणी बंद, दरवर्षीची नांगरणीही बंद. एकदाच गादीवाफे म्हणजे मातीचे उंच वाफे करायचे, त्यावर चौकटीने ठरावीक अंतरावर भोकं पाडून भात टोकायचा. कापणी करताना मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भुईमूग घ्यायचा. जुनी मुळं कुजली की त्यांच्या पोकळ्या उरतात, त्यांतून पाणी आणि हवा खाली जाते आणि गांडुळं परततात. लावणीची कंबरमोड मेहनत वाचते, हा भाग बायकांनी सर्वांत आधी ओळखला, कारण ओणवं राहून लावणी करणाऱ्या त्याच असतात.

विरोधकांचा पहिला आक्षेप तणाचा, आणि तो खरा आहे. खाचरात पाणी उभं नसलं की तण उसळतं. ते मारायला या पद्धतीत तणनाशकाची, विशेषतः ग्लायफोसेटची, मदत घेतली गेली. २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय कर्करोगविषयक संस्थेने हे रसायन ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. काही देशांच्या नियामकांनी तो निष्कर्ष मानला नाही आणि वाद अजून चालू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. गावात असा व्यावसायिक शोधून तरी सापडणार का, याचं उत्तर त्या अधिसूचनेत नाही. माती वाचवायला जे रसायन वापरायचं, त्याच्यावर विसंबून ‘मातीचं आरोग्य’ म्हणणं मला पटत नाही आणि मी ते स्पष्टपणे लिहितो. तरीही चिखलणीकडे परत जाणं हे त्याचं उत्तर नाही.

दुसरा आक्षेप जास्त गुंतागुंतीचा आहे. आधीच घट्ट झालेल्या जमिनीवर नांगर न लावता थांबलं, तर मुळं तो थर फोडायला वर्षानुवर्षं घेतात. म्हणून खोल नांगरा, असं एक बाजू म्हणते. पण ही पद्धतही गादीवाफे करण्याआधी जमीन एकदा चांगली मोकळी करायला सांगते. म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या वर्षांविषयी बोलत असतात. पहिल्या वर्षी नांगर लागतो, पुढच्या वर्षी तोच नांगर केलेलं काम मोडतो. सैल केलेल्या मातीत मुळं आणि पालापाचोळा नसेल, तर कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिला पुन्हा बसवतो आणि नांगरट परत करावी लागते.

एकदा मोकळं करण्यासाठी सबसॉयलर हे अवजार आहे. त्याचा उभा फाळ दीड-दोन फूट खाली जाऊन माती न उलटवता थर तडकवतो. त्याला किमान ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो आणि मुख्य म्हणजे जमीन खालीही कोरडी लागते. ओल्या जमिनीत तो फक्त चीर पाडतो आणि चिरेच्या कडा आणखी दाबल्या जातात. जांभ्याचा कातळ हातभर खाली असेल, तर सबसॉयलर नकोच. तिथे ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरून, बांधावर गिरिपुष्पाची झाडं लावून त्यांचा पाला पसरणं एवढंच शक्य आहे. ट्रॅक्टर फिरवण्याआधी वाफसा, म्हणजे मातीतली ओल मशागतीजोगी आहे का, हे पाहायचं, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. भाड्याचा ट्रॅक्टर मात्र मोकळा असेल त्या दिवशी येतो, आणि मालक रविवारीच गावी असतो.

त्यानंतर अडतं ते मोकाट गुरांमुळे. भात निघाल्यावर गावची गुरं सगळीकडे सोडण्याची रीत अनेक ठिकाणी अजून आहे. ती वाफ्यावरचा पाला खातात, ओल असेपर्यंत तुडवतात आणि वाल उगवू देत नाहीत. अर्धेलीने म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर कसणारा माणूस कुंपणाचा खर्च करत नाही, कारण पुढच्या वर्षी जमीन त्याच्याकडे असेल याची खात्री नसते. मालक मुंबईत असतो. तणनाशक टाळायचं तर दोनदा बेणणी म्हणजे हाताने तण काढणं लागतं, आणि बेणणीला माणसं मिळत नाहीत. नव्या पद्धतीने सुरू केलेली खाचरं दोन-तीन वर्षांत पुन्हा चिखलणीवर जातात, ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर.