कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा, प्रगत

लेन्स काढता-बदलता न येणारा, खिशात किंवा लहान पिशवीत मावणारा, पण अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येऊ देणारे लेन्समधले छिद्र), शटर स्पीड व फोकस छायाचित्रकाराला स्वतः ठरवू देणारा आणि रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल नोंदवणारा डिजिटल कॅमेरा. गांभीर्याने छायाचित्रण करणारे लोक तो बहुधा मोठ्या कॅमेऱ्याच्या जोडीला घेतात. रस्त्यावरचे छायाचित्रण व प्रवास यांसाठी काही जण केवळ तोच वापरतात. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) मोठा असावा ही अपेक्षा नंतरची आहे.

उगम : या प्रकाराची सुरुवात कोठून धरावी याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ती फिल्मच्या काळात जाते. रोलाय ३५ (१९६६), ऑलिम्पस एक्सए (१९७९), कॉन्टॅक्स टी२ (१९९०) आणि रिको जीआर१ (१९९६) हे कॅमेरे लहान असूनही ३६ × २४ मिमी.ची पूर्ण चौकट टिपत. दुसरे मत कॅनन पॉवरशॉट जी१ (२०००) पासून आरंभ मानते; हातचे नियंत्रण व रॉ या दोन्ही गोष्टी त्यात होत्या, सेन्सर मात्र नखाएवढा. तिसरे मत सिग्मा डीपी१ (२००८) ला अग्रमान देते. त्याचा फोव्हिऑन सेन्सर २०.७ × १३.८ मिमी.चा होता. त्याआधीच्या सोनी डीएससी-आर१ (२००५) चा सेन्सर याहून किंचित मोठा होता, परंतु किलोभर वजनाच्या त्या कॅमेऱ्याला कॉम्पॅक्ट म्हणणे कठीण. डीपी१ संथ होता आणि त्याची लेन्स एफ/४ पलीकडे उघडत नसे (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). तरी मोठा सेन्सर व लहान बॉडी एकत्र आणण्याचे श्रेय त्याला देणे अधिक सयुक्तिक दिसते. फुजिफिल्म एक्स१०० (२०११), सोनी आरएक्स१०० (२०१२), रिको जीआरची मोठ्या सेन्सरची आवृत्ती (२०१३) व पॅनासॉनिक एलएक्स१०० (२०१४) यांनी आजचे रूप पक्के केले. पूर्ण चौकटीचे सोनी आरएक्स१ (२०१२) व लायका क्यू (२०१५) किमतीमुळे वेगळ्याच गटात पडतात.

मधल्या काळात मेगापिक्सेलची चढाओढ झाली. कॅननने जी७ (२००६) मधून रॉ काढून टाकले व टीकेनंतर जी९ (२००७) मध्ये परत आणले; जी१० (२००८) चे १४.७ मेगापिक्सेल जी११ (२००९) मध्ये १० वर उतरवले. निर्मात्यानेच आकडा खाली आणल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

सेन्सरचे मापन : ‘एक इंची’ सेन्सरची कोणतीही बाजू एक इंच नसते. त्याचे माप १३.२ × ८.८ मिमी., कर्ण सुमारे १६ मिमी. हा आकडा दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील व्हिडिकॉन नळ्यांकडून आला. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला, तरी प्रकाशग्राही भागाचा कर्ण त्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपास भरे. नळ्या गेल्या, मोजणी उरली. नियम ढोबळच आहे. म्हणून वर्गनामावर न जाता मिलिमीटरमधले माप पाहावे. १/१.७ इंची वर्गाचे क्षेत्रफळ सुमारे ४३ चौ. मिमी., एक इंचीचे ११६, फोर थर्ड्सचे २२५, एपीएस-सीचे साधारण ३६७ आणि पूर्ण चौकटीचे ८६४ चौ. मिमी. असते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षेत्रफळ अडीच पटींहून अधिक वाढते, आणि कमी उजेडातल्या चित्राचा दाणा (ठिपकेदार खरखर) कमी होण्याचे मुख्य कारण तेच.

सेन्सर आणि अ‍ॅपर्चर यांचा एकत्र विचार : केवळ सेन्सर पाहून निवड केली की फसगत होते. एफ/१.८ हे कोणत्याही सेन्सरवर एफ/१.८ च, असे काही लेखक आग्रहाने मांडतात. एक्सपोजरपुरते ते खरे आहे. परंतु चित्राला मिळणारा एकूण प्रकाश व पार्श्वभूमीचा धूसरपणा यांसाठी अ‍ॅपर्चरचा आकडा सेन्सरच्या क्रॉप गुणकाने (पूर्ण चौकटीचा कर्ण त्या सेन्सरच्या कर्णाच्या किती पट आहे तो आकडा) गुणून पाहणे निवडीच्या कामी जास्त उपयोगी पडते. एक इंचीचा गुणक २.७, फोर थर्ड्सचा २, एपीएस-सीचा १.५. या हिशेबाने पहिल्या आरएक्स१०० चे २८ मिमी.वरील (पूर्ण चौकटीच्या मापाने) एफ/१.८ पूर्ण चौकटीच्या एफ/४.९ सारखे वागते, तर त्याच फोकल लांबीच्या जीआरचे एफ/२.८ एफ/४.२ सारखे. सेन्सरचे क्षेत्रफळ तिप्पट असूनही फरक अर्ध्या स्टॉपपेक्षा कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा)! झूम मात्र पुरता बाहेर काढला की १०० मिमी.वर तोच आरएक्स१०० एफ/४.९ वर येतो, म्हणजे हिशेबाने एफ/१३; तेथे घरातली छायाचित्रे दाणेदार होतात. आरएक्स१०० च्या तिसऱ्या आवृत्तीत (२०१४) झूम ७० मिमी.वर थांबवून एफ/२.८ राखले आहे, ते याचसाठी. एलएक्स१०० मध्ये फोर थर्ड्स सेन्सरचा काही भागच वापरला जातो, त्यामुळे त्याचा गुणक २ नव्हे तर २.२ धरावा.

लहान सेन्सरवर अ‍ॅपर्चर फार बंद करूनही चालत नाही. विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) प्रकाशबिंदूची चकती पसरते. हिरव्या प्रकाशात एफ/४ ला तिचा व्यास सुमारे ५.४ मायक्रॉन, एफ/८ ला १०.७ मायक्रॉन. वीस मेगापिक्सेलच्या एक इंची सेन्सरचा पिक्सेल २.४ मायक्रॉनचा असल्याने एफ/५.६ पलीकडे बारीक तपशील मऊ पडू लागतो. भर उन्हात धबधब्याचे पाणी रेशमी करायचे असेल तर अ‍ॅपर्चर दाबण्याऐवजी अंगभूत एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) वापरावा. तो आहे का हे घेण्यापूर्वी तपासावे. एकाच मालिकेच्या काही आवृत्त्यांत तो असतो, काहींत नसतो.

एकच फोकल लांबी की झूम : आता शाओमी १२एस अल्ट्रा (२०२२) सारख्या फोनांतही एक इंची सेन्सर आला आहे; त्यामुळे त्या वर्गाच्या कॅमेऱ्याचा फायदा मुख्यतः खऱ्या झूममध्ये व नियंत्रणांत उरतो. एका फोकल लांबीच्या कॅमेऱ्यांत जीआर २८ मिमी. व एक्स१०० ३५ मिमी. एवढा दृष्टिकोन देतात. जीआर ३एक्स (२०२१) ४० मिमी.चा आहे. रस्त्यावर काम करणाऱ्यांत जीआरचा ‘स्नॅप फोकस’ (फोकस आधीच ठरवलेल्या अंतरावर ठेवणे) प्रिय आहे. १८.३ मिमी.च्या प्रत्यक्ष लेन्सवर एफ/८ व दोन मीटर ठेवले, तर साधारण एक मीटरपासून चाळीसएक मीटरपर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते आणि ऑटोफोकसची वाट पाहावी लागत नाही. एफ/४ वर तीच सोय अर्धीही उरत नाही.

झूम लेन्स लहान ठेवण्यासाठी निर्माते तिची विकृती सॉफ्टवेअरवर सोपवतात. जेपेग चित्र सरळ दिसते, पण दुरुस्तीत कोपरे ताणले गेल्याने मऊ होतात; दुरुस्ती न करणाऱ्या प्रणालीत रॉ उघडली तर रुंद टोकाला इमारतींच्या कडा पिंपासारख्या फुगतात. नमुना चित्र पाहताना मध्य नव्हे, रुंद टोकावरचे कोपरे पाहावेत.

शटर : बहुतेक कॉम्पॅक्टांत पानांचे (पात्यांनी उघडझाप होणारे) शटर लेन्समध्येच असते. त्यामुळे फ्लॅश १/१००० सेकंदालाही जुळतो आणि दुपारच्या उन्हात टोपीखालची काळवंडलेली तोंडे उजळता येतात. उलट बाजू अशी की पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर पानांना जास्त अंतर कापावे लागते व वेग मर्यादित राहतो. पहिल्या एक्स१०० मध्ये एफ/२ ला १/१००० हीच सीमा होती.

बॉडी : खिशाला वजनापेक्षा जाडी नडते. जीआर ३ सुमारे ३३ मिमी. जाड व २५७ ग्रॅम, आरएक्स१०० ची सातवी आवृत्ती सुमारे ४३ मिमी. व ३०२ ग्रॅम, एक्स१००सहा सुमारे ५५ मिमी. व ५२१ ग्रॅम. शेवटचा कॅमेरा खिशाचा नव्हे, खांद्याचा. जीआरला व्ह्यूफाइंडर नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पडद्यावर फारसे दिसत नाही हे गृहीत धरावे. शिवाय जीआर ३ ची बॅटरी प्रमाणित चाचणीत सुमारे २०० चित्रांपुरती आहे, तेव्हा दुसरी बॅटरी किमतीतच मोजावी.

दोष व जुना कॅमेरा घेताना : आत-बाहेर सरकणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते व धूळ सेन्सरवर बसते, लेन्स निघत नसल्याने सफाईसाठी कॅमेरा उघडावाच लागतो. तपासणीसाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) किमान ठेवून अ‍ॅपर्चर शक्य तितके बंद करावे, फोकस मुद्दाम बिघडवावा, पांढरी भिंत किंवा ढगाळ आकाश टिपावे आणि चित्र शंभर टक्के मोठे करून कडेपर्यंत पाहावे. दर चित्रात त्याच जागी येणारा राखाडी ठिपका म्हणजे धूळ. मग लेन्स आठ-दहा वेळा उघडझाप करून घरघर किंवा अडखळणे ऐकावे. कोकण, गोवा व मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे तंतू धरतात. अ‍ॅपर्चर उघडे ठेवून टॉर्चचा उजेड तिरपा टाकला की ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. असा नमुना घेऊ नये. स्वतःचा कॅमेरा हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. चामड्याच्या केसमध्ये बंद करून ठेवणे टाळावे, कारण चामडे ओल धरते.