झेडझेड की टू-आर-एस: मागच्या चाकाच्या बेअरिंगवरची ढाल आणि सील

दोन बेअरिंग्जवर ६२०४ हा एकच क्रमांक कोरलेला असेल, तर दोन्हींचे भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि रुंदी १४ मिलिमीटर असते, आणि दोन्ही एकाच हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, तितक्याच घट्ट बसतात. फरक असतो तो क्रमांकापुढच्या अक्षरांत: एकावर झेडझेड लिहिलेले असते, दुसऱ्यावर टू-आर-एस. मोटरसायकलच्या मागच्या चाकाची बेअरिंग्ज अपग्रेड करावीत का, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते मुख्यतः या अक्षरांत आहे. महागड्या धातूत किंवा सिरॅमिकच्या छर्ऱ्यांत ते क्वचितच सापडते.

झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची ढाल असलेले बेअरिंग. ही ढाल बाहेरच्या रेसमध्ये, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या दोन कड्यांपैकी बाहेरच्या कड्यात, दाबून बसवलेली असते आणि आतल्या रेसपर्यंत पोहोचण्याआधीच संपते, त्यामुळे दोघांमध्ये एक अगदी बारीक फट राहते. काहीही काहीला घासत नसल्याने बेअरिंग हलके फिरते, ग्रीस बऱ्यापैकी आत टिकते आणि जाडसर कचरा बाहेर अडतो. बंद आणि कोरड्या जागी, उदाहरणार्थ विजेच्या मोटरीत, ही रचना उत्तम आहे. चाकावर मात्र पाणी आणि पिठासारखी बारीक धूळ सतत येत असते आणि त्यांना आत शिरायला एवढी फट पुरते.

टू-आर-एस बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबरी सील असते. पोलादी चकतीवर बहुधा नायट्राइल रबर चढवलेले असते आणि त्याचा पातळ ओठ आतल्या रेसवर प्रत्यक्ष टेकून फिरतो. या घासण्यामुळेच पाणी अडते, आणि त्यामुळेच नवे बेअरिंग हातात धरून फिरवले तर जड लागते. इथे अनेकांची फसगत होते. बोटाने टिचकी मारल्यावर झेडझेड बराच वेळ फिरत राहते, टू-आर-एस लगेच थांबते, आणि पाहणारा पहिल्याला चांगल्या दर्जाचे समजतो. वास्तविक ती टिचकी फक्त सीलचे घर्षण दाखवते. छर्रे आणि रेस यांच्या दर्जाविषयी त्यातून काहीच कळत नाही.

घासणाऱ्या सीलमुळे बेअरिंगची कमाल वेगमर्यादा कमी होते, ही हरकत कागदावर खरी आहे. पण चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ८३० फेरे घेते, आणि या आकाराच्या रबरी सीलच्या बेअरिंगची मर्यादा १०,००० फेऱ्यांच्या आसपास असते. म्हणजे वेग हा इथे निकषच नाही. सिरॅमिक छर्ऱ्यांच्या बेअरिंगलाही हाच हिशेब लागू पडतो: सिलिकॉन नायट्राइडचे छर्रे पोलादाच्या निम्म्याहूनही हलके असतात, पण त्याचा खरा लाभ फार मोठ्या वेगातच मिळतो, आणि आत पाणी गेले की त्या बेअरिंगच्याही पोलादी रेस गंजतातच.

नावांबाबत मात्र सावध राहावे लागते. काळे रबर दिसले म्हणजे ते आतल्या रेसला टेकलेले असेलच, असे नाही. एनटीएन या कंपनीच्या बेअरिंगवर एलएलयू असेल तर सील टेकणारे असते आणि एलएलबी असेल तर रबर असूनही न टेकणारे. एनएसके या कंपनीच्या खुणांत डीडीयू टेकणारे आणि व्हीव्ही न टेकणारे. मागच्या चाकासाठी टेकणारेच मागावे. सी३ ही खूण वेगळ्याच गोष्टीची आहे: ती छर्रे आणि रेस यांच्यातली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असल्याचे सांगते, दर्जा वरचा असल्याचे नाही, म्हणून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तरच ती घ्यावी.

मूळ बेअरिंग एका बाजूने उघडे असेल, तर ते हलक्या दर्जाचे म्हणून लगेच काढून टाकण्याचे कारण नाही. सीलची बाजू बाहेर आणि उघडी बाजू हबच्या आत, शिवाय बाहेरून वेगळे ऑइल सील, अशी रचना पुष्कळ गाड्यांत विचारपूर्वक केलेली असते. पण बदलायची वेळ आलीच आहे आणि गाडी पावसापाण्यात चालते, तर मी दोन्ही बाजूंनी टेकणाऱ्या सीलचे बेअरिंग निवडेन आणि त्यासोबत बाहेरचे ऑइल सीलही नवे घालेन. अर्थात हे सीलसुद्धा जोरदार फवाऱ्यापुढे टिकत नाही. तापलेल्या हबवर थंड पाणी पडले की आतली हवा आकुंचन पावते आणि ओठाजवळचे पाणी आत ओढले जाते.

बदलण्याआधी दोष बेअरिंगचाच आहे याची खात्री करावी. चाक अधांतरी ठेवून वर-खाली धरून हलवल्यावर प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर तो स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, बुशचाही असू शकतो, म्हणून स्विंगआर्म वेगळा धरून पाहावा. ॲक्सिलरेटर सोडताना-पिळताना बसणारा झटका बहुधा हबमधल्या रबरांचा असतो. ज्या गाड्यांत स्प्रॉकेट कॅरियरला (चेनचे दातेरी चक्र ज्यावर बसते त्या भागाला) स्वतःचे तिसरे बेअरिंग असते, तिथे ते विसरू नये, कारण चेनचा ताण आणि चेनवरची घाण सर्वांत जास्त तेच सोसते.

बेअरिंग अकाली गेले असेल, तर सीलपेक्षा बसवण्याची पद्धत आधी तपासावी. ठोकताना किंवा दाबताना जोर बाहेरच्या रेसवरच पडला पाहिजे. आतल्या रेसवर मारलेला घाव छर्ऱ्यांमधून जातो आणि रेसवर खळगे पाडतो. दोन बेअरिंग्जच्या मधला स्पेसर ॲक्सलचा दाब आतल्या रेसमधून सरळ पुढे नेण्यासाठी असतो. तो विसरला किंवा झिजून आखूड झाला, तर ॲक्सलचा नट आवळताच दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे ढकलल्या जातात आणि छर्रे कडेने दाबले जातात. अशा स्थितीत झेडझेड असो वा टू-आर-एस, नवेकोरे बेअरिंगही लवकरच खरखरू लागते.