तो बेंचवर बसल्यावर काय होतं?

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या १९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलिनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण काढले. २ मार्च १९६२ ला तर एकट्याने १००. दोन्ही विक्रम अजून अबाधित आहेत. तरीही त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला बिल रसेलला, ज्याची सरासरी होती १८.९. त्या काळी हा मान खेळाडूंच्या मतांवर ठरायचा. पत्रकारांनी निवडलेल्या, वर्षातल्या सर्वोत्तम पाच जणांच्या पहिल्या संघात मात्र सेंटर (बास्केटजवळचा खेळाडू) म्हणून चेंबरलिन होता आणि रसेल दुसऱ्या संघात. रसेलच्या अंगावर धावून जाऊन ज्यांना बास्केट करायचं होतं त्यांचा कौल एक पडला, आकड्यांचा तक्ता वाचणाऱ्यांचा दुसरा. तक्त्यात ब्लॉकचा, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेत अडवण्याचा रकानाच नव्हता, तो आला १९७३-७४ मध्ये. आणि रसेल समोर आहे म्हणून जो शॉट कोणी मारलाच नाही, त्याची नोंद आजही होत नाही.

‘अमक्याचा ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन रकान्यांत दोन अंकी आकडे) झाला, म्हणजे तोच श्रेष्ठ’ असं कुठे वाचलं की मला ही निवड आठवते. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या तक्त्यात, मुख्यतः चेंडूला शेवटी कोणाचा हात लागला एवढंच येतं. स्टीफन करीची एक नेहमीची चाल बघा. त्याचा सहकारी ड्रेमंड ग्रीन करीच्या बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो, आणि करीच्या तीन गुणांच्या धाकाने दोन बचावपटू एकदम त्याच्यावर धावतात. करी चेंडू ग्रीनला देतो. आता पुढे चार आक्रमक आणि तीनच बचावपटू. ग्रीन बास्केटखालच्या सहकाऱ्याला पास देतो, डंक होतो, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये. गुण डंकवाल्याला, असिस्ट (गुण मिळवून देणारा पास) ग्रीनला, करीच्या नावावर शून्य. भगदाड पाडलं त्यानेच.

मग मोजायचं कसं? साधा उपाय म्हणजे प्लस-मायनस: खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गुण केले आणि किती दिले, यांतला फरक. यात करीचा तो डंकही मोजला जातो. पण करीच्या शेजारी उभा राहणाऱ्या कोणाचाही आकडा फुगतो, आणि दुबळ्या संघातला चांगला खेळाडू उगाच उणे दिसतो.

इथून पुढचा भाग माझ्या खास आवडीचा. शाळेतली एकसामयिक समीकरणं आठवा. बदली खेळाडू आत येईपर्यंत मैदानावरचे दहा जण तेच असतात. तेवढ्या खेळाचं एक समीकरण मांडायचं: या पाचांच्या प्रभावांची बेरीज वजा समोरच्या पाचांची बेरीज बरोबर गुणांचा फरक. ३० संघ, प्रत्येकी ८२ सामने, म्हणजे एकूण १,२३० सामने, त्यांतून हजारो समीकरणं. अज्ञात संख्या चारशेच्या वर, दर खेळाडूमागे एक. संगणकाला सगळी एकत्र सोडवायला लावायची. डॅन रोझेनबॉम या अर्थतज्ज्ञाने २००४ मध्ये ही पद्धत लोकांसमोर मांडली.

पण उत्तरं विचित्र यायची, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. समजा क्ष आणि य हे दोघे जवळजवळ कायम एकत्र खेळतात. अशा ४,००० पाळ्यांमध्ये (चेंडू एका संघाकडे असतो ती एक पाळी) संघ दर शंभर पाळ्यांमागे ८ गुणांनी पुढे आहे. बाकीचे सगळे सरासरी दर्जाचे धरू. म्हणजे क्ष + य = ८. आता य बेंचवर असताना क्ष फक्त ४० पाळ्या खेळला, त्यात दोन-तीन शॉट नशिबाने पडले आणि दर निघाला १२. म्हणजे क्ष = १२. मग य = –४! दोन अज्ञात, दोन समीकरणं. उत्तर तंतोतंत जुळतं, आणि त्या ४० पाळ्यांचा शब्द ४,००० पाळ्यांइतकाच खरा धरला जातो. दोन-तीन शॉटमुळे एक चांगला खेळाडू संघाला ओझं ठरतो.

यावरचा उपाय आर्थर होअर्ल आणि रॉबर्ट केनर्ड यांनी १९७० मध्येच मांडला होता: रिज रिग्रेशन. उत्तर समीकरणाशी जुळलं नाही तर दंड, तो पुराव्याच्या, म्हणजे पाळ्यांच्या संख्येच्या प्रमाणात. आणि उत्तर शून्यापासून लांब गेलं तरी दंड, तोही वर्गाच्या हिशेबाने. १२ आणि –४ यांच्या वर्गांची बेरीज १६०. ४ आणि ४ यांची ३२. पहिली जोडी महाग पडते, आणि तो खर्च सोसण्याइतका पुरावा ४० पाळ्यांत नाही. वरचंच उदाहरण मी दुसऱ्या दंडाचं वजन २,००० धरून सोडवलं: क्ष ३.३, य ३.१. दोघेही चांगले, फरक सांगण्याइतकी माहिती नाही. २०१० मध्ये जो सिल यांनी हे तंत्र बास्केटबॉलला लावून दाखवलं, आणि पुढचे सामने वर्तवण्यात ते साध्या समीकरणांपेक्षा सरस ठरलं.

शेन बॅटिएसारख्या खेळाडूचं मोल अशाच हिशेबात उमगतं. ह्यूस्टनच्या संघात त्याची सरासरी दहा गुणांच्या आसपास किंवा त्याखाली, ऑल-स्टार (दरवर्षीच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यातला) खेळाडू तो कधीच नव्हता. पण कोबी ब्रायंटसारखा गुणांचा धनी शॉटसाठी उडी मारायचा तेव्हा बॅटिएचा पंजा थेट त्याच्या डोळ्यांसमोर असायचा.

याउलट ‘क्लच जीन’, म्हणजे काहींच्या रक्तातच शेवटच्या सेकंदाला जिंकणं असतं, ही निव्वळ भाकडकथा आहे. असं जनुक कोणालाही सापडलेलं नाही. शेवटच्या सेकंदाचे शॉट हंगामात मोजकेच असतात. आपण पडलेले लक्षात ठेवतो आणि चुकलेले विसरतो. दशांशापर्यंतचा एकच आकडा फेकून ‘हा त्याच्यापेक्षा ०.३ ने भारी’ असं सांगणाऱ्या याद्यांवरही माझा विश्वास नाही. त्या आकड्यामागची अनिश्चितता बहुधा त्या फरकाहून कितीतरी मोठी असते.

मग चेंबरलिन की रसेल? त्या काळी कोण कधी आत आलं आणि कधी बाहेर गेलं, याचे तपशील नाहीत. पण ते असते तरी चेंबरलिनपाशी हिशेब अडला असता. १९६१-६२ मध्ये त्याच्या संघाने जादा वेळ धरून ३,८९० मिनिटं खेळली. चेंबरलिन त्यांतली ३,८८२ मिनिटं मैदानावर होता. तो नसताना संघाचं काय होतं, हे बघायला वर्षभरात मिळतात फक्त ८ मिनिटं.