चपड्याचा थर आणि शिकलेले हात

अजिंठ्याची काही चित्रे आज पिवळट-तपकिरी दिसतात, पण तो दोष मूळ रंगांचा नव्हे. 1920 ते 1922 या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने चित्रांच्या जतनासाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावले. सरकारने खर्चाला हात आखडला नाही, आणि माणसेही जाणकार होती. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरून ठेवला. ते ऋण मानलेच पाहिजे. पण रंग टिकावेत म्हणून वरून दिलेले चपड्याचे वार्निश पुढे नडले.

चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने दिलेली राळ. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात, तीच ही. जसजशी वर्षे सरतात, तसतसे तिचे रेणू एकमेकांत गुंतत जातात, थर काळवंडतो आणि मग स्पिरिटलाही सहज दाद देत नाही. अजिंठ्यात त्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली. शिवाय तिथली चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर पांढरा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर, चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. वार्निश सैल करणारे द्रावण थोडे जरी खोल मुरले, तरी रंगच हलायची भीती.

या पेचातून वाट काढणारा माणूस म्हणजे संवर्धक. तो आधी अतिनील दिव्याखाली पृष्ठभाग पाहतो. त्या उजेडात जुना चपडा नारिंगी चमकतो, म्हणून थर कुठवर आहे ते कळते. मग कोपऱ्यातली नखाएवढी जागा निवडायची, काडीला कापूस गुंडाळायचा, द्रावणात जेमतेम भिजवायचा आणि हलकेच लोळवायचा. घासायचे नाही. दर खेपेला कापूस उजेडात धरून बघायचा. पिवळा डाग म्हणजे वार्निश. तांबडी किंवा हिरवी झाक दिसली की हात तिथेच थांबला पाहिजे. कुठले द्रावण, किती वेळ, हे रसायनशास्त्र सांगते. हात कधी थांबवायचा, हे मात्र जाणत्या माणसाशेजारी वर्षानुवर्षे बसूनच अंगी येते.

चेक्कोनींना दोष देणे सोपे आहे, पण या विद्येची शास्त्रीय बाजूच तेव्हा बाल्यावस्थेत होती. पहिल्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वेत दडवलेल्या वस्तू दमट हवेने खराब झाल्या, म्हणून ब्रिटिश म्युझियमने अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रयोगशाळा काढली, तीही 1920 मध्येच. नवे काही लावायचे तर ते पुढच्या पिढीला काढता आले पाहिजे, हा दंडक आज विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवतात. कागदाच्या दुरुस्तीत गव्हाच्या सत्त्वाची खळ अजूनही वापरतात ती त्यासाठीच. पाण्याने ती पुन्हा सुटते.

या शिक्षणाच्या जागतिक घडीत दिल्लीचाही वाटा आहे. संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा ठराव युनेस्कोच्या 1956 च्या नवी दिल्ली अधिवेशनात झाला आणि 1959 मध्ये ते रोममध्ये सुरू झाले. त्याला आता इक्रोम म्हणतात. आपल्याकडे लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा 1976 ची, दिल्लीत सुरू झालेली राष्ट्रीय संग्रहालय संस्था 1989 ची. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे, आणि टाटा ट्रस्ट्सच्या कला-संवर्धन उपक्रमात संवर्धकांच्या प्रशिक्षणावर भर आहे. हा पैसा मला सर्वांत मोलाचा वाटतो. नव्या दालनाला देणगीदार मिळतो, कारण तिथे पाटी लागते. तरुण संवर्धकाच्या विद्यावेतनाला मिळणे अवघड, कारण त्याची पहिली दोन-तीन वर्षे डाग ओळखण्यात आणि नमुन्यांवर सराव करण्यात जातात. दाखवण्याजोगे काहीच नसते. आणि ही वर्षे घरच्या पैशावर काढणे सगळ्यांना परवडत नाही. रसायनशास्त्र किंवा चित्रकला शिकलेली हुशार मुले मग पोटापाण्यासाठी दुसरी वाट धरतात.

विद्यावेतनाबरोबर कायम नोकऱ्याही हव्यात. प्रकल्पाचा निधी संपला की माणूस जातो आणि त्याच्याबरोबर त्या वस्तूची ओळखही जाते. चिरेतली ओल कुठल्या पावसाळ्यात वाढते, कुठला रंग बोळ्याला लगेच लागतो, हे नोंदवहीत अर्धेच उतरते. उरलेले अर्धे नव्या माणसाला जुन्याबरोबर काम करतानाच कळते, आणि तेवढा काळ दोघांचाही पगार चालू असावा लागतो.