‘शांतता नव्हे, तलवार’
घरातील फुटीविषयीचे येशू ख्रिस्ताचे वचन. नव्या करारात ते मत्तय १०:३४–३६ आणि लूक १२:५१–५३ असे दोनदा येते. आपण शांतता नव्हे, तर तलवार आणायला आलो आहोत; आपल्यामुळे मुलगा बापाविरुद्ध, मुलगी आईविरुद्ध, सून सासूविरुद्ध उभी राहील आणि माणसाचे वैरी त्याच्याच घरचे होतील, असा मत्तयाच्या पाठाचा आशय आहे. शांतता करणाऱ्यांना धन्य म्हणणारे व वैऱ्यांवरही प्रीती करा असे सांगणारे गिरिप्रवचन याच शुभवर्तमानात असल्याने भाष्यकारांना हे वचन अवघड वाटत आले आहे.

वचनाचा गाभा जुन्या करारातील मीखा ७:६ मधला. मीखा हा इ. स. पू. आठव्या शतकातील संदेष्टा; मात्र सातवा अध्याय ज्यूंच्या बाबिलोनमधील बंदिवासाच्या (इ. स. पू. सहावे शतक) काळातील किंवा त्यानंतरचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मूळ संदर्भ भाकिताचा नसून बिघडलेल्या समाजाविषयीच्या विलापाचा आहे. मसीहाच्या आगमनाआधीचे लक्षण म्हणून हीच ओळ मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहामध्ये (सोटा ९:१५) येते. तो भाग काहींच्या मते उत्तरकालीन भर आहे. मत्तय व लूक यांनी हे वचन ‘क्यू’ या गृहीत धरलेल्या समान साधनातून घेतले असावे. मीखाकडे धाकटे थोरल्यांवर उठतात. लूककडे वैर दोन्ही बाजूंनी चालते आणि पाच जणांच्या घरात तिघे एकीकडे, दोघे दुसरीकडे होतात. (सहा नाती असूनही माणसे पाचच, कारण आई आणि सासू एकच.) लूककडे तलवारीऐवजी ‘फूट’ आहे, हा बदल त्याचाच असावा. कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेत उपलब्ध असलेल्या, बायबलबाहेरच्या थोमाच्या शुभवर्तमानात (वचन १६) अग्नी, तलवार व युद्ध यांच्या जोडीला तीन-दोनची फूटही आहे. हा पाठ स्वतंत्र मानणारेही आहेत. तथापि त्यावर लूकची छाया दिसते.

तलवारीत रोमविरोधी बंडाची खूण पाहणारे मत फारसे टिकत नाही. पुढचा सारा मजकूर घराविषयी आहे, आणि तलवार उपसणाऱ्याला येशूने ती म्यानात घालायला सांगितले (मत्तय २६:५२). फूट हा शिकवणीचा हेतू नसून परिणाम आहे, हा अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो. शिष्यांना प्रचारासाठी पाठवतानाच्या उपदेशात मत्तयाने हे वचन घातले आहे, हेही त्याला पूरकच.

दोन्ही पाठांत फूट पिढ्यांमध्ये पडते. पतिपत्नींचा उल्लेख नाही. तो प्रश्न आरंभकाळातील ख्रिस्ती प्रचारक पौल आपल्या पत्रात हाताळतो: विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये, देवाने आपल्याला शांतीसाठी बोलावले आहे (१ करिंथ ७:१२–१६).

महाराष्ट्रात कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. धर्मांतरामुळे झालेल्या ताटातुटीची हकिकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, ती मत्तयाच्या वचनापेक्षा पौलाच्या प्रश्नाला जवळची आहे.