आयप्टेशिया उपटायचा नसतो

सॉल्टवॉटर टँक लावून तीन-चार महिने झाले की एक दिवस लाइव्ह रॉकच्या (बारीक समुद्री जीवांसकट आणलेल्या दगडाच्या) फटीत काचेसारखं तपकिरी फूल दिसतं, लांब देठ, वर टोकदार दोऱ्यांचा झुबका, आणि आपण खूश होऊन घरच्यांना बोलावतो की बघा, फुकटात अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आला. मी पण बोलावलं होतं. वर आठवडाभर त्याला ड्रॉपरनं आर्टेमिया (माशांना घालतात ते कोळंबीसारखे बारीक जीव) भरवला. दोन महिन्यांनी मोजले तर त्याच दगडावर सतरा!

हा आयप्टेशिया. निमो माशाचा अॅनिमोन वेगळा, हा त्याचा लांबचा आणि बिनकामाचा नातेवाईक. दगडाबरोबर नाहीतर कोरलच्या तुकड्याला चिकटून येतो, शेजारच्या कोरलला दंशपेशींनी चटके देतो आणि हळूहळू जागा बळकावतो. छेडलं तर अंगातून पांढरे दोरे बाहेर फेकतो, त्यांच्यातही डंख भरलेले असतात.

पहिली चूक सगळेच करतात, मी चिमट्यानं ओढून काढला. ज्यांच्या बागेत हरळी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. याच्या तळव्याचे बारीक तुकडे दगडाला चिकटून राहतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवीन पिल्लू उभं राहतं, आणि हे त्याला आपण ओढल्यामुळेच जमतं असं पण नाही, तो स्वतःच सरकता सरकता तळव्याचे तुकडे मागे सोडत जातो, वाढायची त्याची नेहमीची पद्धतच ती आहे. त्यामुळे कापणं, खरवडणं, ब्रश मारणं म्हणजे लागवड.

मग करायचं काय, तर जागच्या जागी अख्खा मारायचा. शाळेत फुंकर मारून दुधाळ करायची ती चुन्याची निवळी आठवते ना? रीफवाले, म्हणजे कोरलचे टँक ठेवणारे, तिलाच काल्कवॉसर म्हणतात, जर्मन शब्द आहे, अर्थ तोच, चुन्याचं पाणी. इथे निवळी नको, दाट पेस्ट लागते. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यायचं (पानाचा चुना नको, त्यात काय मिसळलंय कोणाला माहीत), पंप बंद करायचे, सिरिंज हळूच जवळ न्यायची आणि तोंडावर पेस्ट सोडायची. घाई केली की तो फटीत आत ओढला जातो. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच 12.4 च्या आसपास असतो, त्यात त्याचं मऊ अंग टिकत नाही, पण तेवढ्याचसाठी एका दिवशी चार-पाचच मारायचे, नाहीतर अख्ख्या टँकचा पीएच चढतो. हातमोजे आणि चष्मा घालाच, सिरिंज अडकली की पेस्ट उलटी तोंडावर उडते, एकदा माझ्या कपाळावर आली होती. लिंबाचा रस टोचणारे पण आहेत, चालतो, फक्त बरोब्बर आत गेला पाहिजे.

एक गोष्ट अजिबात करू नका, दगड काढून उकळणं. दगडावर झोअँथिड (कोरलचे झुबक्यानं वाढणारे मऊ नातेवाईक) असतील तर त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं, आणि वाफेबरोबर ते फुप्फुसात गेल्यामुळे परदेशात घरंच्या घरं हॉस्पिटलात पोचलेली आहेत.

खाणारे प्राणी सोडायचे असतील तर पेपरमिंट श्रिम्प हा स्वस्त उपाय, पण ती छोटे खाते, मोठ्यांकडे बघत पण नाही, आणि एखादी माशांचं खाणं फुकट मिळतंय म्हटल्यावर काहीच खात नाही. दुकानात तिच्या नावाखाली कॅमल श्रिम्प पण गळ्यात मारतात. अंगावर लालच्या जोडीला पांढरे पट्टे आणि पाठीला कुबड दिसलं तर घेऊ नका, ती कोरलच खाईल. कॉपरबँड बटरफ्लायफिश खातो, पण नाजूक, नवीन टँकमध्ये उपाशी मरतो.

माझं मत विचाराल तर बर्गिया. दोनेक सेंटिमीटरची, अंगावर झालरी असलेली समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, आणि ती आयप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. वरून त्याचे न फुटलेले डंख पचवायचे सोडून स्वतःच्या झालरींच्या टोकांना साठवते आणि स्वतःच्या रक्षणाला वापरते, म्हणजे शत्रूची हत्यारं शत्रूच्याच गावात! रात्री फिरते, त्यामुळे पहिले काही आठवडे पैसे पाण्यात गेले असंच वाटतं. रास जातीच्या माशांपासून आणि पंपाच्या तोंडापासून मात्र जपावं लागतं.

गंमत म्हणजे आपण ज्याला शिव्या घालतो त्याला लॅबवाले मुद्दाम पाळतात. कोरलप्रमाणेच याच्याही पेशींमध्ये शैवाल राहतं आणि उन्हाचं अन्न करून देतं, तपकिरी रंग त्याचाच. पाणी तापलं की कोरल हे शैवाल गमावतं, पांढरं पडतं आणि बरेचदा मरतं. आयप्टेशिया शैवाल गेलं तरी खायला मिळतंय तोवर जगतो, नंतर पुन्हा शैवाल देऊन बघता येतं, म्हणून कोरल का पांढरं पडतं याचा अभ्यास याच्यावर होतो. सौदी अरेबियातलं कौस्ट आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2015 मध्ये याचा जिनोम (अख्खा जनुकीय आराखडा) पण प्रसिद्ध केला.

आणि हेच घरी पण लागू पडतं. डिस्प्लेमधले (समोरच्या मुख्य टँकमधले) सगळे संपले म्हणून खूश होऊ नका, संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) आणि तिथे पाणी उतरवणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपात टॉर्च मारा. अंधारात उजेडाशिवाय, पांढरट पारदर्शक झालेले, नुसत्या उरल्यासुरल्या खाण्यावर जगणारे तिथे बसलेले असतात. खाणं कमी टाकलं की वाढ मंदावते. आता नवीन कोरल आणलं की मी ते ज्यावर चिकटवलेलं असतं तो खालचा प्लग तोडून फेकतो, मगच टँकमध्ये सोडतो.