थंडीची शिदोरी

उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती एक कागद दिला जातो. विमानाच्या पोटात कुठल्या कप्प्यात कोणता धोकादायक माल ठेवलाय, त्याची ती यादी. ज्वालाग्राही द्रव, ॲसिड अशा नामचीन मंडळींच्या पंक्तीला बऱ्याचदा एक निरुपद्रवी वाटणारी नोंद बसलेली असते: यूएन १८४५ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ड्राय आइस, अमुक किलो. म्हणजे गोठवलेल्या मासळीच्या किंवा मटारच्या खोक्यांतला सुका बर्फ.

सुका बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तो पेट घेत नाही की धातू खात नाही. खोड एकच, तो वितळून पाणी न होता गुपचूप हवेत विरतो. एक किलो विरला की खोलीच्या तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू तयार होतो. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तळाशी साचतो. म्हणून प्राण्यांचे पिंजरे त्याच्या शेजारी ठेवत नाहीत, आणि एका विमानात किती सुका बर्फ चढवायचा हे त्या विमानाची हवा किती वेगानं खेळती राहते त्यावर ठरतं. एका खोक्यात २०० किलोंच्या वर तर चालतच नाही. खोकं हवाबंद करायलाही मनाई. नवख्या माणसाला वाटतं की घट्ट चिकटपट्टी मारली की थंडी आत टिकेल. प्रत्यक्षात आत कोंडलेला वायू खोकंच फोडून बाहेर येतो.

पण एवढा खटाटोप कशाला? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते. म्हणजे विमान फुकटच्या फ्रीझरमधूनच चाललेलं असतं. तरी आपल्याबरोबर थंडी न्यायची?

न्यावीच लागते, कारण ती थंडी आत येत नाही. प्रवासी विमानात मालाचा कप्पाही केबिनसारखाच दाब राखून ठेवलेला असतो. बहुतेक विमानांत ही हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून येते. दाबली गेल्यानं ती चांगलीच तापते, मग तिला माणसाला सोसेल इतकं गार करून आत सोडतात. काही कप्प्यांचं तापमान कॉकपिटमधून ठरवता येतं, पण एका कप्प्याला एकच. तिथं कुणाचा कुत्रा प्रवास करत असेल, तर मटारसाठी त्याला उणे अठरात कसं ठेवणार? थोडक्यात, विमानाकडून मिळतो तो फक्त वेळ. थंडीची शिदोरी खोक्यानं निघतानाच बांधून घ्यायची.

ही शिदोरी किती लागते, याचा ढोबळ हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. ४० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचं खोकं घ्या. भिंती चार सेंटिमीटर जाड थर्माकोलच्या, आत शून्य अंश, बाहेर २५. भिंतींतून सुमारे २१ वॅट उष्णता आत झिरपत राहते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्यानं दिवसाकाठी जवळजवळ साडेपाच किलो बर्फाचं पाणी होतं. हेच खोकं ५० अंशांच्या उन्हाच्या झळीत ठेवलं की झिरपा दुप्पट. आणि थर्माकोल स्वतः काहीच थंड करत नाही, हे पुष्कळजण विसरतात. माल गरम असतानाच भरला, तर तो त्याला तितक्याच इमानानं गरम ठेवतो. म्हणून माल आधी शीतगृहात पुरता गार करायचा आणि मगच खोक्यात घालायचा.

साधा बर्फ किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता पिऊन वितळतो, सुका बर्फ सुमारे ५७१ पिऊन विरतो. सुका बर्फ वरचढ, शिवाय मागं पाणी ठेवत नाही. विमानात हा मोठाच गुण. मासळीच्या खोक्यातून गळणारं खारट पाणी विमानाच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात मुरलं की गंज धरतो, त्यामुळे ओल्या मालाखाली प्लास्टिक आणि पाणी शोषणारे पॅड घालण्याबद्दल विमान कंपन्या फार काटेकोर असतात. मात्र सुका बर्फ उणे ७८.५ अंशांचा. बाहेरच्या हवेशी त्याचा फरक साध्या बर्फाच्या चौपट, म्हणून उष्णताही चौपट वेगानं आत धावते आणि भिंती जाड कराव्या लागतात. जाड भिंतींनी खोकं फुगतं. विमानाचं भाडं वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. एक घनमीटर म्हणजे किमान १६७ किलो असं धरतात. थर्माकोल ९८ टक्के हवाच असतो. म्हणजे पैसे मोजून आपण हवा विमानानं नेतो. सुक्या बर्फाची तऱ्हा आणखी वेगळी: निघताना त्याच्या वजनाचं भाडं भरायचं, आणि पोचेपर्यंत त्यातला बराचसा उडून गेलेला.

खरं तर गोठवलेला माल विमानाचं मुख्य गिऱ्हाईक नव्हेच. उणे १८ अंशांत जंतूंची वाढ थांबलेली असते, माल महिनोन्महिने टिकतो, त्याला जहाज परवडतं. तातडीच्या नमुन्यांसाठी किंवा फार महागड्या मालासाठीच तो उडतो. घाई असते ती नुसत्या गार मालाला, ज्याचं घड्याळ चालूच आहे. ताजी मासळी बर्फात शून्याला ठेवली तरी दिवस मोजत असते. फळं-भाज्या तर तोडल्यावरही श्वास घेतात, साखर जाळतात आणि स्वतःच उष्णता सोडतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे खोक्याला बाहेरून येणाऱ्या उष्णतेशी झुंजायचं, शिवाय आतल्या शेगडीशीही. बरं, सगळ्यांना सारखी थंडी चालत नाही. केळं १३ अंशांच्या खाली गेलं की काळवंडतं. ‘गार ठेवा’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी त्याच्या कामाची नाही.

ताज्या मासळीच्या हवाई वाहतुकीला मोठी चालना मिळाली ती रिकाम्या विमानांमुळे. जपानमधून कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू भरून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना परतीचा माल मिळत नव्हता. जपान एअरलाइन्समधले अकिरा ओकाझाकी तो शोधत होते. कॅनडाच्या किनाऱ्यावर ट्यूना मासा होता, पण तिथं त्याला फारशी किंमत नव्हती. ऑगस्ट १९७२ मध्ये तो टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला उभा राहिला.

आता प्रयत्न आहे तो बर्फाचं ओझंच टाळण्याचा. सॅमनच्या खोक्यात मासळीबरोबर काही किलो बर्फ उडतो आणि भाडं त्याचंही पडतं. सुपरचिलिंगमध्ये मासा उणे दीड अंशापर्यंत नेतात. त्याच्या अंगातलं थोडंसंच पाणी गोठतं, बाकी मासा ताज्यासारखा राहतो, आणि वाटेत उष्णता आली की ती हाच आतला बर्फ पिऊन टाकतो. मासा स्वतःचीच शिदोरी होतो! मला ही कल्पना साऱ्या जाड खोक्यांपेक्षा देखणी वाटते. पण अर्धा-एक अंश इकडचा तिकडे झाला तर बर्फाचे स्फटिक वाढून मांस पिचतं.

स्फटिकांची ही करामत घरीही बघता येते. गोठवलेल्या मटारचं पाकीट हातात घ्या. दाणे सुटे खुळखुळले तर ठीक. एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल आणि आत भुरभुर हिम दिसत असेल, तर वाटेत कुठंतरी ते थोडं वितळून पुन्हा गोठलंय. दाण्यातलं पाणी बाहेर आलं आणि पाकिटाच्या आत बसलं.

हे ‘कुठंतरी’ बहुधा आकाशात नसतंच. मालाबरोबर तापमान टिपणारं छोटं यंत्र ठेवतात, त्याचा आलेख वाचायला शिकलं की ते कळतं. शीतगृहात रेघ सपाट. रीफर म्हणजे थंड कप्प्याच्या ट्रकमध्ये दार उघडल्याचे बारीक दात. मग एक उभा सुळका, आणि त्यानंतर कितीतरी तास जवळजवळ सपाट रेघ, ते उड्डाण. सुळका असतो टारमॅकवरचा, म्हणजे विमानं उभी राहतात त्या उघड्या आवारातला. माल ट्रॉलीवर विमानाशेजारी येऊन थांबलाय, खाली तापलेलं काँक्रीट, वर ऊन. धुळीपावसासाठी गुंडाळलेलं पारदर्शक प्लास्टिक काचघरासारखं ऊन आत कोंडतं. तापमान सगळीकडे सारखं वाढत नाही. ढिगाच्या कोपऱ्यावरच्या खोक्याला तीन बाजूंनी उष्णता लागते, मधल्याला काहीच कळत नाही. यंत्र मधल्या खोक्यात असलं तर आलेखात सुळकाही उमटत नाही आणि कोपऱ्यावरचा माल मुकाट्यानं नासतो. चकाकत्या परावर्तक चादरी अंथरतात त्या ऊन परतवायला. विमानाला उशीर झाला की चादरीचाही इलाज संपतो.

नुकसानीचा दावा लागला की भांडण याच सुळक्यावर येऊन थांबतं. गोदामाच्या नोंदवहीत त्या वेळेआधीच ‘माल दिला’ अशी सही असते, आणि विमानाच्या कागदावर ‘माल चढला’ ही वेळ त्यानंतरची. मधली चाळीस-पन्नास मिनिटं कुणाच्याच वहीत नसतात.